फेलिक्स अंकलचा पाण्याखालचा दिवा

एका संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतून उजेडाचा झोत आभाळाकडे निघाला. वॉचमन ओरडत जिना उतरला, बायकांनी भराभर नळ बंद केले आणि सेक्रेटरी अनवाणी वर धावले. मी मात्र चहा संपवून सावकाश गेलो. फेलिक्स अंकल शेजारी राहत असले की असल्या गोष्टींना घाबरून चालत नाही. ते टाकीवर उकिडवे बसले होते. हातात नायलॉनची दोरी आणि दोरीच्या टोकाला, पाण्यात, पेटलेला टॉर्च.

"साबणानं धुतलाय," ते सेक्रेटरींना म्हणाले. "तुमच्या पायापेक्षा साफ हाय."

अंकल मूळचे पाचूबंदरचे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होड्या, पण यांनी होडीत पाय टाकला की पोट ढवळायला लागतं. भाईंदरच्या फेरीबोटीतसुद्धा ते डोळे मिटून आईचा धावा करतात. म्हणून तरुणपणीच कारखान्यात नोकरी धरली आणि माणिकपूरला फ्लॅट घेतला. गावचे लोक अजून चिडवतात. अंकलही हसतात, पण समुद्राबद्दल मत देणं काही सोडत नाहीत. "दिवा बघायला नसतो, दिसायला असतो," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. वीज गेली आणि मी मोबाइलचा टॉर्च लावला, तरी ते ऐकवतात. अर्थ विचारायच्या फंदात मी कधी पडलो नव्हतो.

यंदा त्यांची एकुलती एक लेक शर्ली अंदमानला रात्रीचं डायव्हिंग करायला निघाली. दिवसा तिने पुष्कळ बुड्या मारल्या होत्या, अंधारातली ही पहिलीच. "पप्पा, टॉर्च तिकडे भाड्याने मिळतो," ती म्हणाली आणि तिथेच फसली.

"भाड्याचा दिवा? त्यापेक्षा देवळातली मेणबत्ती ने!"

मग टॉर्च येऊ लागले आणि परत जाऊ लागले. पहिला किती वेळ जळतो ते बघायला अंकलनी तो कपाटात पेटवून ठेवला. पाण्याखालचा टॉर्च पाण्यानेच थंड राहतो, हे आंटीच्या चर्चमधल्या मिस्साला नेसायच्या साडीला भोक पडल्यावर कळलं. दुसऱ्याचं बटण त्यांनी आंटीचा केक काढायचा जाड हातमोजा घालून दाबून पाहिलं. दबेना. नापास! तिसऱ्याची रबरी रिंग भिंग लावून तपासली. "हिच्यावर एक केस अडकला तरी पानी आत," असं सांगत ते सगळ्या मजल्यांवर ती रिंग दाखवून आले. लग्नाला स्थळं बघताना कोणी एवढी चौकशी केली नसेल.

शेवटी, गच्चीवरच्या टाकीतल्या परीक्षेनंतर, दोन उरले. एकाचा झोत अरुंद आणि लांब जाणारा, दुसऱ्याचा पसरट. शर्लीला अरुंद हवा होता, कारण गढूळ पाण्यात तो आरपार जातो आणि खडकाच्या फटीतला मासाही दिसतो. अंकलना पसरट. दोघांचं जेवणाच्या टेबलावर इतकं वाजलं, की आंटी ताट घेऊन आमच्याकडे आल्या.

निकाल लावायला आम्ही सांडोरला त्यांच्या मेव्हणीच्या वाडीत गेलो. केळीच्या बागेत बावखल आहे, म्हणजे शिंपण्यासाठी खणलेलं जुनं तळं. दिवेलागणीला अंकलनी दोन्ही टॉर्च दगड बांधून तळाशी सोडले आणि स्वतः पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहिले.

"राऊत, हितनं पसरट दिसतो. दुसरा दिसतच नाय!"

"अहो अंकल, तिला खाली दिसायला हवं ना? वरून बघून काय करायचंय?"

ते दोरी गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "वर होडीत मी असनार."

"तुम्ही? होडीत?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून उलटीच्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. "माझी आय रोज किनाऱ्यावर उभी राहून बाच्या होडीचा दिवा शोधायची. दिसला की मग चूल पेटवायची. पोर अंधारात खाली जानार, मी घरात बसून टीव्ही बघू?"

शर्ली मागेच उभी होती. तिने दोन्ही टॉर्च पुसले. अरुंद स्वतःच्या मनगटात अडकवला आणि पसरट वडिलांसमोर धरला. "हा मी पाठीवरच्या सिलिंडरला बांधीन, मंद करून, तोंड वर. हातातला माझा, पाठीवरचा तुमचा. चालेल?"

अंकलनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "रिंगेला ग्रीस मीच लावनार."

अंदमानहून परतले तेव्हा अंकल चांगलेच सुकले होते. दार उघडताच मी विचारलं, "गोळ्या लागू पडल्या?"

"कसल्या गोळ्या! सगळा वेळ ओकत होतो," ते तोंडभर हसत म्हणाले. "पन राऊत, नजर दिव्यावरनं हलवली नाय."