महाराजांचा आकडा

एका जंगलात सिंह होता. असणारच, बाळांनो. जंगल म्हटलं की सिंह आला, आणि सिंह म्हटला की हुजरे आले. चुळबुळ करू नका, ऐका.

शहरातल्या कुणीतरी टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर सिंहाला सापडला. त्याला टीव्ही जोडायचा, खेळाची कॅसेट घालायची. खेळ यंत्रात उतरेपर्यंत ती बराच वेळ नुसती किंचाळायची. मग पडद्यावर रानकुत्रे धावून यायचे आणि महाराज कळ दाबून त्यांना पटापट मारायचे. महाराज स्वतः मेले तरी पुन्हा उभे! खेळात तीन जीव मिळतात ना.

कोपऱ्यात मेलेल्या कुत्र्यांचा आकडा चढत जाई. कोल्होबा प्रधान रोज सकाळी त्याची दवंडी पिटत.

पण यंत्र पडलं विसरभोळं. वीज गेली की आकडा साफ! म्हणून चांदरी म्हशीला वीज काढणाऱ्या घाण्याला जुंपलेलं. ती गरगर फिरे, तेव्हा कुठं महाराजांचा पराक्रम टिके. तिचं रेडकू बिचारं नदीकाठी एकटंच.

एका दुपारी रेडकू जिवाच्या आकांतानं रेकलं. चांदरीनं मान वळवली. रानकुत्रे! खरे!

"महाराज, धावा! माझ्या रेडकाला घेरलंय!"

"थांब गं," पडद्यावरची नजर न काढता महाराज म्हणाले, "माझा अजून एक जीव शिल्लक आहे."

"त्याला मुळात एकच आहे, मेल्या!"

"महाराज म्हण," कोल्होबा कुजबुजले.

चांदरीनं हिसडा देऊन जोखड मोडलं. घाणा थांबला. पडदा काळा झाला. नदीकाठी तिनं दोन कुत्रे शिंगांवर घेऊन भिरकावले, बाकीचे शेपूट घालून पळाले. रेडकू थरथरत तिच्या पोटाखाली शिरलं.

संध्याकाळी दरबार भरला.

"हिनं महाराजांनी मारलेले हजारो रानकुत्रे पुन्हा जिवंत केले!" कोल्होबा कडाडले.

"ते खोटे होते, कोल्होबा. खरे मी हाकलले."

"हो का? मग दाखव तुझा आकडा."

नदीकाठच्या चिखलात आकडा कुठून उमटणार?

महाराज मात्र दयाळू. म्हणाले, "लेकराची एवढी काळजी वाटते ना हिला? त्यालाही शेजारी जुंपा. डोळ्यांसमोर राहील."

दरबारानं टाळ्या वाजवल्या. नवं जोखड आलं, दोन मानांचं. कॅसेट पुन्हा किंचाळू लागली.

तात्पर्य: राजा शत्रूशी लढत असताना शत्रू आल्याचं सांगून त्याचा खेळ मोडू नये. आणि लेकरू वाचवायचंच असेल, तर पडद्यावरचं वाचवावं. खरं वाचवलं, तर घाण्याला आणखी एक मान मिळते.