चिटणीसकाका प्रागला जातात

मेलबर्नजवळच्या वेरिबीत लख्ख ऊन होतं आणि चिटणीसकाका छत्री उघडून चालले होते. मी शेजारच्या घराच्या दारातून ओरडले, "काका, पाऊस कुठाय?"

"प्रागला," ते म्हणाले आणि पुढे गेले.

काका मेलबर्नच्या रेल्वेत गाड्यांची वेळापत्रकं आखून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला त्यांचा रूम पार्टनर मधू प्रागला स्थायिक झाला, तोही एकटाच. "अव्या, ये एकदा, अख्खा दिवस निवांत भटकू," असं मधू चाळीस वर्षं म्हणत होता. काकांनी शेवटी तिकीट काढलं आणि विमानं बंद झाली. मागोमाग लॉकडाऊन: दिवसातून एक तास व्यायामाला बाहेर, घरापासून पाच किलोमीटरच्या आत, सोबत फार तर एक माणूस.

काकांनी कंपास काढला. नकाशावर घराभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ मारलं आणि त्यात प्राग बसवलं. नदीवरचा पादचारी पूल म्हणजे तिथला शेकडो वर्षांचा दगडी पूल. पाण्याची टाकी म्हणजे किल्ला. बंद पडलेलं फिश अँड चिप्सचं दुकान म्हणजे घड्याळाचा मनोरा. दर शनिवारी आमच्या दुपारी चारला, म्हणजे तिथल्या सकाळी आठला, मधू प्रागमध्ये घराबाहेर पडायचा आणि काका वेरिबीत. दोघांच्या हातात व्हिडिओ कॉल. तिथे पाऊस असला की इथे छत्री.

"अव्या, तुझ्या किल्ल्यावर मॅगपाय बसलाय बघ!"

"गाढवा, तुझ्या किल्ल्यावर काय मोर बसतात?"

सोबतीचा 'फार तर एक माणूस' म्हणजे मी. माझं बालपण बाबांच्या युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं, आता मी स्वतः पत्रकं काढते, त्यामुळे बंदी दिसली की मी आधी विचारते, कुणी घातली आणि कुणासाठी? काका नियम दिसला की तो पाठ करतात. एकदा आम्हाला पोलिसाने हटकलं. मी स्टुडंट व्हिसावर. काकांच्या मागे सरकले.

"कुठे निघालात, मेट?"

"प्राग," काका म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही.

"ते पाच किलोमीटरच्या बाहेर आहे, मेट."

काकांनी खिशातून नकाशा काढून वर्तुळ दाखवलं. पोलिसाने तो दोनदा पाहिला, मग फोनमधल्या मधूला हात केला. "नो वरीज. तासाभरात परत या."

निवांतपणाचंही काकांनी वेळापत्रक केलं होतं. '४.१२ ते ४.१७ : पुलावर निवांत उभे राहणे.' ४.१८ झाले की त्यांना घाम फुटायचा. "निवांत, मुक्ता, निवांत!" असं ते माझ्यावर खेकसायचे. इतक्या घाबऱ्या आवाजात हा शब्द मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही. त्यात दर शंभर पावलांवर थांबायचे. मी वैतागायचे, "काका, असं चाललात तर तासात किल्ला यायचा नाही."

"वेळापत्रक माझं आहे. तू तुझी पत्रकं लिही."

सप्टेंबरच्या एका शनिवारी मधू पुलावर पोचलाच नाही. निम्म्या वाटेत खोकत खाली बसला. पुढच्या शनिवारी फोन उचलला नाही. काकांनी पंधरा वेळा लावला. मधूच्या घरमालकिणीचा मेसेज आला: हॉस्पिटलात आहे, ऑक्सिजन लावलाय.

देशाबाहेर जायलाही तेव्हा सरकारची परवानगी लागायची. मी काकांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून फॉर्म भरायला बसले. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात पत्नी होती, आई होती, भाऊ होता. मित्र नव्हता. मी संतापले. चाळीस वर्षांची मैत्री यांच्या लेखी काहीच नाही? मग, खोट्या सरकारी आकड्यांवर आजवर तीन पत्रकं काढलेली मी म्हणाले, "काका, भाऊ लिहू या."

"नाही. भाऊ कोल्हापूरला आहे. त्याच्याशी मी बोलत नाही."

"अहो, पण त्याशिवाय परवानगी मिळायची नाही!"

"मधूला मी भाऊ म्हणालो तर तो चिडेल." त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं. "इतर लिही. आणि पुढे मित्र."

आठवडाभर काका दर दहा मिनिटांनी मेल तपासत होते. भिंतीपलीकडून मला त्यांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. शुक्रवारी उत्तर आलं: जवळचा नातेवाईक नसल्यामुळे अर्ज नामंजूर. मी तावातावाने नवं पत्रक लिहायला घेतलं. काकांनी बूट पुसायला घेतले.

शनिवारी चार वाजता ते दारात उभे होते. कोट, टोपी, छत्री. "काका, आज कशाला?" एवढंच मला विचारता आलं.

"गाडी रिकामी असली तरी वेळेवर सोडायची असते."

आम्ही निघालो. काका शंभर पावलांवर थांबले. पुन्हा शंभरांवर थांबले. माझा धीर सुटला. "आता कुणासाठी थांबताय?"

"मधूला धाप लागते," ते म्हणाले. "गेलं वर्षभर फोनवर ऐकतोय. त्याला वाटतं मला कळलं नाही. म्हणून मीच आधी थांबतो."

पुलावर पोचलो तेव्हा ४.१२ झाले होते. काकांच्या हातातला फोन वाजला; नंबर मधूचा. पडद्यावर नर्सचं निळ्या बाहीतलं मनगट हललं आणि मग उशीवर मधू दिसला. तोंडावर मास्क, डोळे अर्धे मिटलेले. बोलता येत नव्हतं.

काकांनी फोन आधी नदीकडे, मग झाडांकडे फिरवला. मी त्यांचं कोपर धरलं.

"मध्या," ते म्हणाले, "पुलावर आहोत. तुझ्याच. आज मी फिरवतो तुला. बोलू नकोस. पाऊस आहे का रे तिकडे?"

मधूने मान जराशी खिडकीकडे वळवली. मग चादरीवरचं एक बोट उचललं.

काकांनी छत्री उघडली. स्वच्छ उन्हात त्यांनी ती फोनवर धरली, नीट, एक कड उघडी राहू न देता. स्वतः उन्हात उभे राहिले.

४.१७ झाले. ४.२५ झाले. मी घड्याळाकडे पाहिलं, काकांनी पाहिलं नाही.

"निवांत, मध्या," ते हळूच म्हणाले. "निवांत."