प्लेट कशाची?

तपासनिसांनी साहेबांना घरी चहाला बोलवायचं ठरवलं, त्याला कारण त्यांची बायको. (घरातल्या बहुतेक गोष्टींना तीच कारण असते. निदान तपासनिसांचं मत तसं आहे.)

परदेशी कंपनीच्या कारखान्यात ते धातूच्या गोल प्लेटा तपासत आणि पास झालेल्या प्लेटवर आपला सतरा नंबर उमटवत. प्लेटा खोक्यांत बसून जहाजाने निघून जात. पुढे त्यांचं काय होतं, हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अहो, पण प्लेट कशाची?" बायको लग्नापासून विचारत होती.

"कंपनीची."

"आणि कंपनी कशाची?"

"प्लेटांची."

(पगार वेळेवर होत असल्यामुळे विषय तिथेच मिटे.)

आता कंपनीने दूरदेशीचा एक इंजिनिअर पाठवला होता. हे साहेब मोडकंतोडकं बोलत, प्रत्येक प्लेट उलटसुलट करून बघत आणि जाण्यापूर्वी मुख्य तपासनीस नेमणार होते. तपासनिसांना ती खुर्ची अगदी मनापासून हवी होती. शिवाय प्लेटचं कोडंही सुटलं असतं. म्हणून त्यांनी ऐपतीबाहेरची, खास परदेशी बनावटीची विजेची किटली आणली आणि घरातसुद्धा छातीवर नंबराचा बिल्ला लावला.

साहेब आले. किटलीत पाणी भरलं, बटण दाबलं. पाणी तापायच्या आधीच किटलीच्या बुडातून टेबलावर आणि टेबलावरून साहेबांच्या पँटवर आलं.

तपासनीस खवळले. "कुठल्या बेअक्कल माणसाने ही पास केली, साहेब? डोळे मिटून काम करतात लेकाचे! माझ्या हाताखाली असता, तर दारात उभा केला नसता!"

साहेबांनी शांतपणे वायर काढली, किटली रिकामी केली आणि खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने बूड उघडलं. आतून एक गोल प्लेट निघाली. तपासनीस बघतच राहिले.

"ही... आपली?"

"आपली. इथून तिकडे जाते. तिकडे किटली होते. किटली इकडे येते. गळते, म्हणून मी येतो."

"अगं, किटली!" तपासनीस आनंदाने ओरडले. "आपण किटली बनवतो!"

साहेबांनी प्लेटवरचा आकडा वाचला. मग त्यांची नजर सावकाश तपासनिसांच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे गेली. "सतरा," ते म्हणाले आणि ओल्या पँटनिशी उठले.

बायकोने फडकं आणून तपासनिसांच्या हातात दिलं.

"चला, तुम्ही कामावर काय करता ते एकदाचं कळलं. आता फरशी पुसा आणि झाली की हाक मारा. पास मी करणार."