शनिवारचं पायताण

चंद्रप्पांनी चर्चच्या पायरीशी चपला काढल्या आणि तिथूनच दिवस बिघडला.

मंजुश्रीनं दोनदा बजावलं होतं. इथं चपला घालूनच आत जातात अप्पा, काढायची पद्धत नाही. पण औशाच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं अडत चालवलेला माणूस लेकीचं ऐकतो की काय. देव कुणाचाही असो, त्याच्या दारात पायताण घालून जायला आपण काय पंचनाम्याला आलोय, असं म्हणत त्यांनी चपला भिंतीच्या कडेला नीट जोडून ठेवल्या आणि पाय ओढत आत गेले. त्यांचा डावा पाय गुडघ्यात किंचित वाकडा होता. त्या पायापायीच ही मुंबई नशिबी आली होती.

आठ वर्षांमागं मोंढ्यात तुरीच्या पोत्यांची थप्पी त्यांच्या अंगावर आली आणि पाय पार चेंदला. लातूरच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथं पाय कापायची भाषा सुरू झाली. तेव्हा वॉर्डातल्या एका मावशीनं त्यांच्या बायकोला, रत्नम्माला, हाताला धरून शहरातल्या माउलीच्या तीन जुन्या चर्चमधून फिरवून आणलं, आणि रत्नम्मा तिन्ही ठिकाणी एकच नवस बोलून आली. एकीनं नाही ऐकलं तर दुसरी ऐकेल, अशी तिची समजूत. पाय वाचला. नवऱ्याला तिन्ही ठिकाणी आणून शेवटी डोंगरावरच्या माउलीला मेणाचा पाय वाहायचा, तेवढं राहिलं. दर उन्हाळ्यात ती विषय काढायची आणि दर उन्हाळ्यात चंद्रप्पा म्हणायचे, गळ्यात शिवाचं लिंग असताना दारोदार हात जोडत कशाला हिंडायचं. बघू, यंदाची तूर निघू दे. तूर निघत राहिली, उन्हाळे जात राहिले, आणि गेल्या पावसाळ्यात रत्नम्माच गेली.

जाताना ती लेकीला म्हणाली होती, माझा नवस तेवढा राहिला गं. तेव्हापासून चंद्रप्पांच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता. बाईनं उभ्या जन्मात हट्टानं एवढं एकच मागितलं, आणि तेवढंही आपल्याच्यानं झालं नाही, हे त्यांना आतून कुरतडत होतं. म्हणून भर मे महिन्यात, कुणी न सांगता, त्यांनी स्वतःच मंजुश्रीला तिकिटं काढायला लावली. नवऱ्यानं बायकोचं ऐकायला बायको मरावी लागते, ही जगाची रीतच आहे म्हणा.

आत गारवा होता. उंच छत, रंगीत काचा, लाकडी बाकं, आणि बाकांवर बूट-सँडल घालून बसलेली माणसं. चंद्रप्पांनी मनातल्या मनात त्या सगळ्यांना नावं ठेवली. मूर्तीपुढं उभे राहिले, पण काय बोलावं ते सुचेना. शेवटी 'रत्नम्मानं पाठवलंय' एवढंच मनात म्हणाले आणि डोळे भरून यायच्या आत बाहेर पडले.

बाहेर भिंतीच्या कडेला पंचवीस-तीस जोड होते.

झालं होतं ते असं, की त्यांच्या चपला बघून पाठोपाठच्या माणसाला वाटलं, इथं काढायची पद्धत दिसते. त्यानं काढल्या. त्याच्या बघून चर्च बघायला आलेल्या एका अख्ख्या कुटुंबानं काढल्या. मग काय, रांगच लागली. रखवालदार कपाळाला हात लावून प्रत्येकाला घाला घाला म्हणत होता, आणि माणसं त्याला, आम्हाला काय एवढं कळत नाही का, असं ऐकवून अनवाणी आत जात होती. त्या ढिगात चंद्रप्पांच्या चपला नव्हत्या. त्यांच्यासारख्याच होत्या, तसल्याच जाड तळाच्या, गावाकडं शिवलेल्या. पण बोटभर आखूड.

मंजुश्री म्हणाली, त्याच घाला, तो माणूस तुमच्या घालून गेला असणार. चंद्रप्पा दोन पावलं मागं सरकले. शनिवारी दुसऱ्याचं पायताण घालून त्याची साडेसाती आपण कामून अंगावर घ्यायची, असा त्यांचा सवाल होता. मग नवीन घेऊ, ती म्हणाली. शनिवारी चप्पल विकत घेणारा माणूस त्यांच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. मंजुश्रीनं शेवटचा उपाय म्हणून समजूत घातली, की शनिवारी चपला हरवल्या तर साडेसाती जाते म्हणतात, बरंच झालं.

"माझी साडेसाती पावसाळ्यात आली, मंजू," चंद्रप्पा म्हणाले. "ती चपलांसंगं जायची न्हाई."

दोघं वाटेला लागले.

दुसरं चर्च जवळच होतं, पण मे महिन्यातल्या डांबरावर अनवाणी माणसाला जवळ असं काही नसतं. चंद्रप्पा सावली हुडकत, भिंतीला चिकटत, एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत चालले होते. त्यात डावा पाय वाकडा. बघणाऱ्याला वाटावं, माणूस कसलं तरी कडक व्रत करून राहिलाय. तसंच झालं. चर्चच्या दाराशी मेणाच्या वस्तू विकणाऱ्या टपरीपुढं एक म्हातारी बाई उभी होती. तिनं त्यांचे लाल झालेले तळवे बघितले आणि तिचे डोळेच भरून आले.

"कसला नवस, बाबा?" तिनं विचारलं.

"नवस कसला? चपला गेल्या माझ्या."

बाईनं मान हलवली. खरा भक्त कधी सांगत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्यांना टपरीवरून मेणाचा पाय निवडून दिला, रांगेतल्या माणसांना बाजूला सारून थेट पुढं नेलं, आणि बाहेर येऊन स्वतःच्या सपाता काढून पिशवीत टाकल्या. डोंगरावरच्या माउलीपर्यंत मीही तुझ्या सोबत अशीच येते म्हणाली. तिच्या ओळखीच्या आणखी तिघी वाटेत भेटल्या, त्यांनीही काढल्या. चंद्रप्पांनी चौघींना चार वेळा सांगितलं, की बाई, माझ्या चपला हरवल्या हायत, तुमच्या हरवल्या न्हाईत. जितकं सांगावं तितका त्यांचा विश्वास वाढत गेला.

अशी ती पाच अनवाणी माणसांची दिंडी वांद्र्याच्या चढाला लागली. सहावी मंजुश्री, फक्त तिच्याच पायात सँडल. त्यामुळं येणारे-जाणारे तिच्याकडंच रागानं बघत होते.

"तुझी अव्वा कशी हिंडायची कुणास ठाऊक," अर्ध्या चढावर थांबून चंद्रप्पा धापा टाकत म्हणाले. "टाचेला बोचतंय म्हणायची आन् बिनचपलीची बाजार करायची. दर दिवाळीला जोड आणायचो मी. सगळे कोरे पडलेत कपाटात. अडत्याची बायको अनवाणी हिंडतीय म्हणून किती बोललो तिला."

मंजुश्री एकदम पुढं चालायला लागली. ऊन लागलं असेल, असं चंद्रप्पांना वाटलं.

वर पोचल्यावर त्यांनी पिशवीतून मेणाचा पाय काढला आणि त्यांचं अवसानच गळालं. उन्हानं मेण मऊ पडून पाय गुडघ्यात वाकडा झाला होता. आठ वर्षं टाळलेला नवस, आणि शेवटी वाहायला नेलं ते हे असलं. सरळ करायला गेले तर मोडायची भीती. एवढं एक काम बायकोचं, तेही धड झालं नाही, असं म्हणून ते पायरीवर खालीच बसले.

म्हातारी बाई शेजारी टेकली. तिनं मेणाचा पाय बघितला, मग त्यांचा बघितला.

"तुझाच आहे की हा," ती म्हणाली. "ठेव तसाच. सरळ ठेवला असतास तर कुणाचा म्हणून ओळखला असता तिनं?"

तसाच ठेवला. चंद्रप्पांनी हात जोडले, बराच वेळ जोडूनच ठेवले. बाहेर आल्यावर ते मंजुश्रीला म्हणाले, झालं बाई, फिटला एकदाचा. आणि मंजुश्रीला रडूच कोसळलं.

"अप्पा, अव्वाची शपथ होती, नवस फिटल्याबिगर सांगायचं न्हाई. टाचेबिचेला काही बोचत नव्हतं तिच्या. तुम्हाला घेऊन इथं येईस्तोवर पायात चप्पल घालायची न्हाई, असं बोलली होती ती."

"सात वर्षं?"

"हाव."

"मला कामून बोलली न्हाई?"

"जीवाला लावून घेताल म्हणाली."

चंद्रप्पांनी पाय उचलून तळवा बघितला. एका दिवसात दोन फोड आले होते. समोर समुद्र होता, ते त्याच्याकडं बघत राहिले, पण त्यांना औशाचा बाजार दिसत होता, आणि त्यातून पिशवी घेऊन चाललेली रत्नम्मा, आणि दुकानात गादीवर बसून, लोक काय म्हणतील म्हणून तिच्यावर ओरडणारे आपण.

तेवढ्यात एक आडव्या अंगाचा माणूस घामाघूम होऊन पायऱ्या चढत आला. हातात चपला. तो नायगावचा शेषेराव निघाला, नांदेडकडचा. मुंबई बघायला आला होता. चर्चच्या दारात चपला बघितल्या म्हणून आपणही काढल्या, आणि निघताना सारख्याच दिसल्या म्हणून चुकीच्या घातल्या. पाय घसरायला लागला तेव्हा ध्यानात आलं. परत गेला तर त्याच्या तिथंच होत्या, आणि रखवालदार म्हणाला, लंगडणारे एक बाबा तुमच्या नावानं खडे फोडत माउलीकडं गेलेत.

"माफ करा, मालक," तो म्हणाला. "लई शिव्या दिल्या असतील तुम्ही."

"दिल्या," चंद्रप्पा म्हणाले. "वापस घेतो."

त्यांनी चपला घेतल्या, रुमालानं पुसल्या आणि काखेत धरून पायऱ्या उतरायला लागले. शेषेराव दोन पायऱ्या मागं होता.

"घाला की, अप्पा," मंजुश्री म्हणाली.

"शनिवार हाय."

"शनिवारी नवं घेत न्हाईत. ह्या तर तुमच्याच हायत."

चंद्रप्पांनी वाकडा पाय जपून खालच्या पायरीवर टाकला. दगड अजून तापलेलाच होता.

"सात वर्षं हिंडली ती," ते म्हणाले. "मला औशापस्तोर तरी जाऊ दे."

शेषेरावला यातलं काही ऐकू गेलं नाही. त्याला एवढंच दिसलं, की चपला मिळूनसुद्धा म्हाताऱ्यानं घातल्या नाहीत. तेव्हा इथली रीतच तशी असेल असं समजून त्यानं आपल्याही चपला काढल्या आणि हातात घेऊन त्यांच्या मागोमाग उतरायला लागला.