चौधरी सरांची फेरी

साठी उलटलेले चौधरी सर दर महिन्याला नाक्यावरच्या दुकानातून लाल नेलपॉलिशची बाटली घ्यायचे. लग्न त्यांनी केलेलं नव्हतं. घरात बहीण नाही, भाची नाही. नव्वदच्या दशकात आम्ही वसईजवळच्या गिरीजला त्यांच्या वाडीतल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि पहिल्याच आठवड्यात बायकोने ही बातमी आणली.

"शाळेत शिक्षक होते म्हणे," ती म्हणाली. "मला काही हे लक्षण ठीक दिसत नाही."

मलाही काही कळेना. रविवारी सकाळी चौकशीला गेलो, तर सर केळीत उकिडवे बसलेले. बांबूच्या काठीला तंगुसाच्या बारीक दोऱ्याचा फास लावून त्यांनी कुंपणावरचा एक सरडा अलगद उचलला, मुठीत धरला आणि त्याच्या पाठीवर लाल ठिपका दिला.

"अहो परब, बरे आलात. वही धरा. लिहा, सतरा नंबर, नर, शेपूट शाबूत."

मी लिहिलं. का लिहिलं ते आजही सांगता येणार नाही. गडबडीत एक ठिपका माझ्या घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्यावर पडला, तो कड्यांच्या फटीत बसला तो बसलाच.

सरांचं काम असं. महिन्याच्या पहिल्या रविवारी फेरी. सापडेल त्या सरड्याला खूण करायची आणि सोडायचं. पुढच्या फेरीत खुणेचे किती आणि नवे किती सापडले, त्यावरून वाडीत एकूण सरडे किती, ते काढायचं. असं वर्षानुवर्षं. "फेरी चुकता कामा नये," हे त्यांचं पालुपद.

"पण सर, सरडा कात टाकतो. मग ठिपका जाणार."

"जातो."

"मग ओळखता कसा?"

"तोंडावरून."

"मग ठिपका कशाला?"

नापास मुलाकडे बघावं तसं सरांनी माझ्याकडे बघितलं. "शास्त्र आहे ते, परब."

एकदा तर नऊ नंबरला आमच्या डोळ्यांदेखत भारद्वाजाने गिळलं. मी वहीत 'मेला' लिहिलं. सरांनी ते खोडायला लावलं.

"लिहा, या फेरीत दिसला नाही."

"अहो, आत्ता त्याने गिळला!"

"तुम्ही त्याच्या पोटात जाऊन बघितलंत? दिसला नाही म्हणजे दिसला नाही. आपण त्यापुढे जायचं नाही."

यात काय अर्थ आहे ते मला कळलं नाही, पण सात वर्षं मी वही धरली. मग आम्ही नायगावला फ्लॅट घेतला. निघताना सर फाटकापर्यंत आले.

"पहिला रविवार," ते म्हणाले. "एकट्याने होत नाही हो. सरडा धरला की लिहायला हात उरत नाही."

"येणार म्हणजे येणार, सर."

गेलो नाही. कधी सोसायटीची मीटिंग, कधी मुलाची परीक्षा. नायगाव ते वसई एक स्टेशन, पुढे एसटी. तेवढंही चार वर्षं जमलं नाही.

परवा घरी पूजा होती आणि केळीचे खांब हवे होते, तेव्हा मला गिरीज आठवलं. वाडीत शिरलो तर सर उकिडवे बसलेले. मुठीत सरडा, दातांत पेन्सिल, वही पायाच्या अंगठ्याखाली दाबलेली. पहिला रविवार होता, माझ्या लक्षातही नव्हतं.

"वही धरा," मान वर न करता सर म्हणाले.

पानावरचं अक्षर वेडंवाकडं झालं होतं. वर लिहिलं होतं: निरीक्षक, १. चौधरी. २. परब, या फेरीत दिसले नाहीत. मागचं पान उलटलं. तेच. त्याच्या मागचं, तेच. चार वर्षांत एकही फेरी चुकली नव्हती आणि एकाही फेरीतून माझं नाव कमी झालं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, नाव खोडून टाकायचं होतंत."

"का?" सरांना खरंच कळलं नाही. त्यांनी सरडा सोडला, माझं मनगट धरून चष्म्याजवळ नेलं आणि पट्टा फिरवून फिरवून बघितला. फटीत लाल कण होता.

"खूण शाबूत आहे," ते म्हणाले. "लिहा. परब, पुन्हा सापडले."

मी लिहिलं. केळीचे खांब मागायचे राहूनच गेले.