होसकोप्पाची शंभर टक्के गस्त

होसकोप्पात धोक्याच्या जागा नऊ होत्या: सोसायटीचं गोदाम, देवळाची दानपेटी, दारूच्या दुकानामागचा बोळ आणि सुपारी वाळत घालायची सहा अंगणं. (दानपेटी बहुधा रिकामी असे, पण धोका तो धोकाच.) पोलीस हजर असेल तिथे चोरी होत नाही, हे तत्त्व सर्वमान्य असल्याने खात्याने प्रत्येक जागी बटणाएवढी एक चकती ठोकली. रात्री हवालदाराने तिला हातातलं यंत्र टेकवायचं. टेकवलं की जिल्ह्याला कळे, पोलीस तिथे होता.

या पद्धतीला अडचण आली ती चोरांची नव्हे, सभ्य माणसांची. सहांपैकी एक अंगण जलजाक्षीचं होतं आणि तिच्या मुलीला पाहायला शिमोग्याची मंडळी यायची होती. तिने हवालदार मंजप्पांना चहा दिला आणि म्हणाली, "अण्णा, दारावरचं तेवढं काढा हो. पाहुणे विचारतील, यांच्याकडे पोलिसांचं काय काम?"

मंजप्पांचे गुडघे दुखत असल्याने त्यांना हे लगेच पटलं. मग शेजारच्यांनाही आपली अब्रू आठवली. देवाला विटाळ होतो, असं भटजींचं म्हणणं पडलं. शेवटी नऊच्या नऊ चकत्या चौकीसमोरच्या हॉटेलच्या भिंतीवर, बाकावरून हात पोचेल अशा उंचीवर, ओळीने लागल्या. गस्त बावन्न टक्क्यांवरून शंभरावर गेली. (पेट्रोलची बचत वेगळी.)

मुलीचं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात जलजाक्षीच्या अंगणातली सुपारी गेली. वर्षाचं पीक, लग्न त्याच्यावरच उभं होतं.

"पहाटे चारला होती, पाचला नाही," तिने चौकीत सांगितलं.

मंजप्पांनी यंत्र पाहिलं. "अक्का, साडेचारला मी तुमच्या अंगणात होतो."

"तुम्ही बाकावर घोरत होतात, अण्णा."

"घोरत असेन. पण होतो तुमच्या अंगणात."

फौजदार शिकलेले होते. ते म्हणाले, "पोलीस हजर असताना चोरी होत नाही. म्हणजे एकतर सुपारी गेलेलीच नाही, नाहीतर हवालदाराने नेली. कुठलं लिहून घेऊ, बोला."

मंजप्पांना चोर म्हणणं जलजाक्षीला जमेना. त्यांना पोतं उचलवलंच नसतं. ती म्हणाली, "चकत्या कुठे आहेत ते गावाला विचारा. सगळ्यांना ठाऊक आहे."

फौजदार न्यायी होते. त्यांनी देवळात सभा बोलावली. चकत्या हलवल्याचं एकाने जरी सांगितलं तरी तक्रार नोंदवू, वर तपासाला कुत्रा मागवू, असं त्यांनी जाहीर केलं. चोरीची बातमी ऐकून शिमोग्याच्या विहीणबाई मुद्दाम आल्या होत्या आणि जलजाक्षीला अगदी खेटून बसल्या होत्या.

"ज्यांनी आपल्या दारची चकती काढून घ्यायला लावली," फौजदार म्हणाले, "त्यांनी हात वर करा."

विहीणबाई जलजाक्षीकडे वळून म्हणाल्या, "पोलिसांची चकती? कुणाच्या दारावर होती हो?"

जलजाक्षीने पदर सारखा केला.

सभेला हजर: एकशे चौदा. वर आलेले हात: शून्य. त्या महिन्यातले गुन्हे: शून्य.