मुक्या समितीपुढचा पाठ

"आपला परिचय करून द्या," ग्रँट हॅल्व्हरसन म्हणाला, आणि ओतिलिया बरागानने कसंबसं हसू आवरलं. सकाळीच कॉलेजच्या पार्किंगमध्ये ह्या माणसाची बंद पडलेली गाडी तिने आपल्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून चालू करून दिली होती. तेव्हा तो म्हणाला होता, "ओती, तू होतीस म्हणून वाचलो गं!" आता टेबलापलीकडे बसला होता तो असा, की जणू हिला जन्मात पाहिलं नाही.

"मी ओतिलिया बरागान," ती म्हणाली. "ह्याच कॉलेजात, ह्याच इमारतीत, तुमच्याच हाताखाली दहा वर्षं गणित शिकवतेय. तासिका तत्त्वावर."

हॅल्व्हरसनने पापणीही हलवली नाही. नियमच तसा होता. समितीने छापील प्रश्न वाचायचे, मान डोलवायची नाही, हसायचं नाही, आणि खोलीत बोललं गेलं तेवढंच खरं धरायचं. पहिल्या मुलाखतीत ओती बिचारी "तुम्हाला माहीतच आहे" म्हणून गेली, आणि अनुभवाच्या रकान्यात तिला शून्य मिळालं. दुसऱ्या मुलाखतीत नमुना पाठ देताना ती हॅल्व्हरसनच्या तोंडाकडे बघत राहिली, एखादा होकार मिळेल म्हणून. ते तोंड काही हललं नाही. ओतीचा धीर मात्र सुटला आणि हातातला खडूही सुटला.

आज तिसरी खेप होती. कायमची जागा म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि दारावर नाव. एवढ्यासाठी हा खटाटोप. कारण दहा वर्षं तिची गाडी खोऱ्यातल्या तीन गावांना ओवाळत होती. ह्या गावी बेरजा, त्या गावी भागाकार, तिसऱ्या गावी समीकरणं. डिकी हेच तिचं ऑफिस: एका अंगाला तपासायचे पेपर, दुसऱ्या अंगाला फडकी आणि खडू, मध्ये टॉर्तियांचा, म्हणजे मक्याच्या पोळ्यांचा, डबा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा फुलत, झडत, पुन्हा फुलत, आणि ओती आपली मधून धावत.

"ह्या वेळी कुणाच्या तोंडाकडे बघणार नाही," निघताना ती नवऱ्याला म्हणाली होती. "दगड तर दगड. दगडाला शिकवून येईन."

"दगडाने प्रश्न विचारला तर?" चुयने विचारलं होतं.

"तर त्यालाही पास करीन!"

छापील प्रश्न संपले. मग कर्मचारी विभागाच्या लॉर्ना फिचबाई उठल्या. नियमांची राखण करायला समितीत त्यांना बसवलेलं होतं. "आता नमुना पाठ," त्या म्हणाल्या. "खोली बारा. विद्यार्थी म्हणून इतर विभागांतली अनोळखी माणसं बसतील. समिती शेवटच्या रांगेत असेल, तिकडे बघायचं नाही. आणि आत्तापासून पाठ सुरू होईपर्यंत तुमच्याशी कुणी बोलणार नाही."

"हरकत नाही," ओती म्हणाली. "मलाही कुणाशी बोलण्याची तहान लागलेली नाही."

बारा ही खोली हॅल्व्हरसनची स्वतःची. त्या वेळचा आपला तास त्याने रद्द केला होता आणि विद्यार्थ्यांना तसा ईमेलही पाठवला होता. कॉलेजचा ईमेल विद्यार्थी उघडत नाहीत, हे त्या इमारतीतल्या झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ईमेल पाठवणाऱ्यांना नव्हतं. त्यातून बारा नंबरचा एसी नेमका तेव्हाच घरघरला आणि गप्प झाला. बाहेर तर नुसती भट्टी पेटलेली. समिती आपल्या खोट्या विद्यार्थ्यांसकट वरच्या मजल्यावर हलली.

हे ओतीला सांगणार कोण? फिचबाई जिन्यापाशी आल्या खऱ्या, पण बोलायची बंदी. आणि चिठ्ठी देणं हेही बोलणंच, असं नियमावलीत होतं. मग त्यांनी एक बोट वर आभाळाकडे केलं, डोळे वर फिरवले, आणि हातातल्या फाइलने स्वतःला वारा घालून दाखवला.

ओतीने अर्थ लावला: देवावर भरवसा ठेव आणि घाम पूस. ह्या बाईलाही काळीज आहे तर! तिने छातीवर क्रुसाची खूण केली, घाम पुसला आणि मान डोलावली. निरोप पोचला म्हणून फिचबाई वर गेल्या, आणि ओती सरळ बारामध्ये शिरली.

शेवटच्या रांगेकडे तिने ठरवल्याप्रमाणे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे बसलेली माणसं बघून मात्र तिला कौतुकच वाटलं. कम्युनिटी कॉलेजचा वर्ग म्हणजे सगळ्या वयांचा मेळा, तो हुबेहूब जमवला होता. पुढच्या बाकावर पांढऱ्या मिशांचा, ट्रकवाल्याची टोपी घातलेला आजोबा. शेजारी डोळे तारवटलेली एक बाई, मांडीवर झोपलेलं बाळ. सोंगासाठी बाळसुद्धा आणलंय!

"सर कुठायत?" आजोबांनी विचारलं.

"आज मी आहे."

"ते तर पान चौदा उघडा म्हणाले होते. मला पान तेरापासूनच काही कळलेलं नाही."

अडवायला बघतोय, ओती मनात म्हणाली. अडव! "पुस्तक मिटा," ती म्हणाली. "नाव काय तुमचं?"

"अँब्रोझ. चाळीस वर्षं ट्रक चालवला. आता डिप्लोमा करतोय, बायकोशी पैज लागलीय."

"छान रंगवलंय," ओतीने दाद दिली. "बरं अँब्रोझ, घाट उतरताना ब्रेक कधी तापतात?"

"रस्ता उभा असला की."

"उभा म्हणजे किती उभा? पुढे किती गेल्यावर खाली किती आलात?" तिने फळ्यावर रस्ता काढला, त्यावर ट्रक काढला, ट्रकमध्ये मिशा काढल्या. वर्ग हसला. "ह्यालाच रेषेचा चढ म्हणतात. एवढंच आहे ते."

अँब्रोझ फळ्याकडे बघत राहिले. "एवढंच?" ते हळू आवाजात म्हणाले. "मग आम्हाला इतके दिवस घाबरवलं कशाला?"

बाळवालीने हात वर केला. "बाई, पुन्हा एकदा सांगाल? मी ह्या विषयात दोनदा नापास झालेय." तिचे डोळे भरले होते.

"अश्रूसुद्धा!" ओती थक्क झाली. "तुम्ही नाट्य विभागातल्या का?"

"मी गाजराच्या कारखान्यात असते. रात्रपाळी. येसेनिया."

ओती पुन्हा सांगायला लागली. तेवढ्यात दार उघडलं. वाट पाहून कंटाळलेली समिती खाली आली होती. पुढे हॅल्व्हरसन, मागे फिचबाई, त्यांच्या मागे वरचे खोटे विद्यार्थी.

"सर!" अँब्रोझ ओरडले. "आलात होय? आणि असे गप्प का? दात काढून आलात की काय?"

हॅल्व्हरसनने तोंड उघडलं, फिचबाईंकडे पाहिलं आणि मिटलं. त्याचे कान लाल झाले.

ओतीच्या हातातला खडू थांबला. तिने अँब्रोझकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. बाळाने जांभई दिली. तेवढं तरी सोंग नसणार. सगळा उलगडा झाला: हे खरेच विद्यार्थी होते. तिसरी मुलाखतही गेली!

एरवी तिने "माफ करा" म्हणून पर्स उचलली असती. पण येसेनिया वही उघडून, पेन धरून बसली होती.

"फिचबाई," ओती म्हणाली, "पाठाचं घड्याळ कधी चालू करायचं असतं?"

फिचबाई घोटाळल्या. "उमेदवार समितीपुढे शिकवायला लागला की."

"केलंत?"

"अजून… नाही."

"मग करा, आणि बसा. शेवटच्या रांगेत. तुमच्याकडे मी बघणार नाहीये."

"पण विद्यार्थी नियमाप्रमाणे आपल्या कर्मचाऱ्यांतले हवेत," फिचबाई म्हणाल्या. "ज्यांना विषय येत नाही असे."

"आम्हालाही काही येत नाही," अँब्रोझ म्हणाले. "सरांना विचारा!"

सर बोलू शकत नव्हते. ते मुकाट्याने शेवटच्या रांगेत जाऊन बसले. खोटे विद्यार्थी भिंतीला टेकून उभे राहिले, कारण बाकं खऱ्यांनी भरली होती. फिचबाईंनी घड्याळ चालू केलं. ओतीने फळा पुसला आणि घाटाचा रस्ता पुन्हा काढला. येसेनियाने स्वतःच चढ काढून दाखवला, तेव्हा भिंतीपाशी उभ्या असलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकाने नकळत टाळी वाजवली आणि फिचबाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं. घड्याळ वाजलं तरी कुणी उठेना.

"शेवटचा प्रश्न," फिचबाईंनी कागद वाचला. "आपल्याला समितीला काही विचारायचंय का?"

"आहे," ओती म्हणाली. "शेवटच्या रांगेत बसून फळा दिसतो का?"

उत्तर द्यायची परवानगी नव्हती.

त्या आठवड्याच्या शेवटी ओती स्वयंपाकघरात घेवडा निवडत होती आणि फोन वाजला. पलीकडे हॅल्व्हरसन. आता त्याला बोलायची मोकळीक होती, त्यामुळे तो थांबेचना. "ओती, अभिनंदन! जागा तुझी! सगळ्यांचं एकमत. फिचबाईंचंसुद्धा! सोमवारपासून ये. कधी सही करतेस, सांग."

चुय दारात उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होता: हो म्हण, हो म्हण!

ओतीने एक घेवडा मोडला, शीर काढली, दाणे भांड्यात टाकले. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही.

"आपण फोन केलात, आभारी आहे," ती म्हणाली. "विचार करून कळवते."

आणि तिने फोन ठेवला.

"अगं ओती!" चुयने कपाळावर हात मारला. "वेड लागलं काय तुला? दहा वर्षं वाट बघितलीस ना ह्यासाठी?"

"होच म्हणणार आहे रे," ओती म्हणाली आणि दुसरा घेवडा उचलला. "पण दहा वर्षांतली एक दुपार त्यालाही बघू दे की वाट. घे, तू पण निवड थोडा."